चारीवरचा कंडक्टर

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. रिटायर होऊन गावी आलो आणि पहिल्याच रब्बीत दोन एकर हरभरा मारला. पाण्यावाचून नाही, पाणी पाजून मारला.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण इतकी वर्षं पाट्या ओरडून तोंडाला नगरच बसलंय) आमची पाच एकर आहे, चारीच्या (कालव्यातून निघालेल्या पाटाच्या) अगदी शेपटाला. चारी साडेचार किलोमीटर, तिच्यावर नऊ विमोचक (पाणी सोडायची दारं), आणि नवव्याच्या पोटचारीवर, म्हणजे तिथून निघालेल्या लहान पाटावर, शेवटचे आम्ही. वडील म्हणायचे, आपल्याकडं पाणी येत नाही, चुकून उतरतं. त्या साली नोव्हेंबरच्या शेवटी ते चुकून उतरलं. रात्री साडेअकराला चुलतभावाचा फोन: "झोपलास का? पाणी आलंय, धर." हरभरा पंचवीसेक दिवसांचा होता. जमिनीत ओल होती. खुरपं मारलं तर ढेकळाला माती चिकटत होती. पाण्याची गरज नव्हती हे मला कळत होतं, बायकोला कळत होतं, फोन करणाऱ्या भावालाही कळत होतं. पण पुढचं पाणी कधी? ते कुणालाच माहीत नव्हतं. मग काय, टॉर्च घेतली, फावडं घेतलं आणि रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरणं केलं. दहा दिवसांत रान पिवळं पडलं. हरभरा उभळला.

त्या वेळी बांधावर बसून मला जे आठवलं, ते शेतीतलं नव्हतं, स्टँडवरचं होतं. पुढची गाडी साडेपाचला आहे आणि ती येतेच, हे ज्या थांब्यावर लोकांना माहीत असतं, तिथं माणसं पारावर बसून चहा पितात. गाडी भरलेली दिसली तर "जाऊ द्या, मागची आहे" म्हणतात. आणि जिथं भरवसा नाही, तिथं गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल पडतात, पिशव्या पडतात, एकदा तर एका आजोबांनी नातू आत टाकलेला मी पाहिलाय. माणसं तीच, गाडी तीच. मी हरभऱ्यावर रुमालच टाकला होता.

पुढं मी पाणी वापर संस्थेचा सचिव झालो, ते या हरभऱ्यामुळं. संस्था कागदावर आधीच होती. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं अशा संस्थांना पाणी एकरावर नाही, घनमापानं मोजून द्यायचं ठरलेलं आहे. तुमचा कोटा इतका, तो चारीच्या मुखाशी मोजून घ्या, आत कसा वाटायचा ते तुम्ही बघा. संचालक मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशा तिन्ही भागांतून घ्यायचे आणि अध्यक्षपद आळीपाळीनं फिरवायचं, असंही त्यात आहे. आमच्याकडं शेपटाचा नंबर आला तेव्हा मला सचिव केलं, कारण म्हणे "कंडक्टरला हिशेब जमतो आणि शिव्या खायची सवय आहे."

पहिल्यांदा हिशेबच शिकलो. क्युसेक हा शब्द मी जन्मभर पेपरात वाचला, धरणातून इतके क्युसेक सोडले म्हणून. त्याचा माझ्या वावराशी संबंध आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. आमच्या प्रत्येक विमोचकातून सोडायचं पाणी 30 लिटर, म्हणजे जवळजवळ तेवढंच. आता गंमत बघा. एक क्युसेक पाणी एक तास चाललं तर 3,600 घनफूट होतं. आणि एक एकर रानावर एक इंच पाणी उभं करायला लागतं 3,630 घनफूट. म्हणजे एक तास, एक एकर, एक इंच. इतका सोपा हिशेब आणि आमच्या गावात तो कुणी मला सांगितला नव्हता. मी तो तिकिटाच्या दरासारखा पाठ केला.

मग गव्हाच्या एका एकराला घड्याळ लावलं. आठ तास लागले. म्हणजे आठ इंच. आमच्या मध्यम काळ्या रानाला गव्हाच्या एका पाळीत तीन इंच म्हणजे पुष्कळ. बाकीचे पाच इंच कुठं गेले? काही मुळांच्या खाली, काही शेजारच्याच्या बांधातून, आणि जाताना खतही घेऊन गेले. वाफे नव्वद मीटर लांब होते, रान मध्येच उंच होतं. पाणी तोंडाशी गुडघ्यात आणि टोकाला भेगांत जिरतंय, असा प्रकार. टोक भिजेपर्यंत तोंड बुडून गेलेलं असायचं. पुढच्या साली रान सपाट करून घेतलं, दोन मीटर रुंदीचे सारे, म्हणजे लांब पट्टे पाडले आणि लांबी निम्मी केली. मधून एक पाट काढला. तेच एकर साडेतीन-चार तासांत भिजायला लागलं. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे आणि दोन दिवसांची कटकट, याच्यापलीकडं खर्च नाही. भावकीत हसले, "कंडक्टरनं वावरात सीटा पाडल्या" म्हणून.

आमच्या आईचं एक वाक्य होतं, वाफसा आला की रान बोलतं. वाफसा म्हणजे ना चिखल ना धूळ. मातीत ओलही आणि हवाही, मूठ दाबली तर लाडू होतो आणि सोडला तर फुटतो. पीक खातं ते वाफशावर, पाण्यावर नाही. हे घरोघरी माहीत आहे. तरी पाणी दिसलं की आमचा हात फावड्यावर जातो.

आपल्या वावरात बचत झाली तरी चारीचं काय? मुखाशी मोजायला मापनपट्टी आहे. सिमेंटचा अरुंद गळा, त्यातून पाणी जातं आणि पट्टीवर सेंटिमीटर वाचायचे, तक्त्यात बघून लिटर काढायचे. इथं एक फसगत आहे. पट्टीवर 20 चं 25 झालं तर आपल्याला वाटतं, पाव पटीनं वाढलं. प्रत्यक्षात प्रवाह 40 टक्क्यांनी वाढलेला असतो, कारण पाणी नुसतं उंच होत नाही, वेगही धरतं. म्हणजे पट्टीवरची "दोन बोटं इकडंतिकडं" ही मामुली गोष्ट नाही, त्यात एखाद्याची पूर्ण पाळी असते.

शेपटाला पट्टीच नव्हती. तिथं मी लिंबू वापरलं. हसू नका, पद्धत जुनी आहे. चारीचा सरळ तुकडा बघून 30 मीटर मोजायचे, वरच्या खुणेला लिंबू सोडायचं आणि खालच्या खुणेला किती सेकंदांत येतं ते बघायचं. लिंबू पाण्यात अर्धंअधिक बुडून चालतं, म्हणून वाऱ्यानं भरकटत नाही. वरचं पाणी तळापेक्षा पळतं, म्हणून वेगाला 0.85 नं गुणायचं. मग रुंदी आणि खोली. पहिल्या दिवशी 75 सेकंद लागले. रुंदी 90 सेंटिमीटर, पाणी 19 सेंटिमीटर. हिशेब आला सेकंदाला 58 लिटर. आणि त्याच वेळी मुखाशी 110 चालू होतं, मधले सगळे दरवाजे बंद. साडेचार किलोमीटरांत निम्मं पाणी बेपत्ता!

लोकांना वाटलं, चोरी. थोडी होतीही. पण पोरं घेऊन चारीनं चालत गेलो तेव्हा कळलं की मोठी चोर म्हणजे घूस. घुशी आणि खेकड्यांची बिळं, भरावाला पडलेल्या भेगा, कमरेएवढं गवत, आणि तळाला इतका गाळ की पाणी काठाला टेकून चाललेलं. तीन रविवार सगळ्यांनी फावडी मारली. जो येणार नाही त्यानं मजुराचे पैसे द्यायचे. धुळ्याकडं पांझरेवर फड पद्धत (शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे पाडून सामाईक पाणी द्यायची) शेकडो वर्षं चालली, तिच्यात पाट दुरुस्तीला घरटी माणूस यायचा, असं आमच्या डेपोतला एक साक्रीकडचा ड्रायव्हर सांगायचा. त्याच पद्धतीत दुष्काळाच्या साली काही फड सगळ्यांनी मिळून पड ठेवायचे आणि उरलेल्यात सगळ्यांचा वाटा, म्हणजे टंचाईसुद्धा वाटून घ्यायची. आमच्याकडं एवढं मोठं मन नव्हतं, पण फावडी आली. पुढच्या आवर्तनाला, म्हणजे कालवा पुढच्या वेळी सुटला तेव्हा, लिंबानं 92 लिटर दाखवले.

आता तात्या.

तात्या माझे चुलत चुलते, चारीच्या पहिल्या विमोचकावर. त्यांचं रान म्हणजे आमच्या गावातली पहिली सीट. पाळी असो नसो, रात्री त्यांच्या मोरीतून (वावरात पाणी घ्यायच्या दारातून) पाणी वाहतंय हे सगळ्यांना माहीत. मी सचिव झाल्यावर पहिलं भांडण त्यांच्याशीच झालं. भर चौकात.

"तात्या, पाळी संपून दोन दिवस झाले, मोरी उघडी कशी?"

"तुझ्या बापानं कधी विचारलं नाही, तू कोण रं?"

"संस्थेचा सचिव."

"कंडक्टर आहेस तू. मला सांग, तुझी पुढची गाडी कधी आहे? तारीख सांग. सांग ना! नाही सांगता येत ना? मग मी ह्या गाडीत बसतो. दोन सीट घेऊन बसतो."

मी गप्प बसलो. कारण माझ्या हरभऱ्याची गोष्टच तात्या बोलत होते. शेपटाचा मी आणि मुखाचे ते, आजार एकच. मला पाणी मिळत नाही म्हणून भीती, त्यांना मिळत असूनही भीती. आणि त्या भीतीची किंमत तात्यांनी माझ्यापेक्षा जास्त मोजली होती. चारीलगतचं त्यांचं दोन एकर रान चिबड झालेलं. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा, उन्हाळ्यात वर पांढरा पापुद्रा. वर्षानुवर्षं ऊस आणि वर्षानुवर्षं बेहिशेबी पाणी, खालून पाण्याची पातळी चढत आली आणि क्षार घेऊन आली.

हे काही आमच्या गावाचंच नवल नाही. दख्खनचे कालवे मुळात दुष्काळासाठी निघाले. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर 1885 मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. कल्पना अशी की ज्वारी-बाजरीला दोन पाणी देऊन जगवायची. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाण्याचे पैसे कशाला भरेल? त्यानं पाणी घेतलंच नाही. बारमाही गिऱ्हाईक मिळालं ते उसाचं. मग पाणी उसाकडं वळलं आणि काही वर्षांत कालव्याकडेची रानं चिबडायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, उसाला ठरावीक तुकडा आणि त्याभोवती फिरती पिकं, त्यामागं हेही एक कारण होतं. तात्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझं वावर इंग्रजांच्या काळापासून बिघडलंय म्हण की." बरं वाटलं त्यांना.

तर वेळापत्रक. संस्थेच्या मुलांना घेऊन मी नाशिककडं ओझरला जाऊन आलो होतो. तिथं वाघाड धरणाच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्यांनी 1991 च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था काढल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. मागं समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे. पुढं अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्या संघाकडं आलं. तिथली एक गोष्ट डोक्यात राहिली. त्यांनी ओढ्यावरच्या बंधाऱ्यांत कालव्याचं पाणी घेतलं आणि विहिरी भरून घेतल्या, आणि विहिरीचं पाणीही कालव्याचंच पाणी समजून हिशेबात धरलं. आमच्याकडं विहीरवाला म्हणतो, विहीर माझ्या बापानं खणली. खणली असेल, पण डिसेंबरात चारी सुटली की तुझ्या विहिरीला पाझर का वाढतो, त्याचं उत्तर दे की.

परत आल्यावर मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर फळा रंगवला. त्यावर नऊ विमोचक, प्रत्येकाखाली खातेदार, प्रत्येकापुढं एकर आणि तास. एकरी चार तास, सगळ्यांना सारखे. तीन विमोचक एका वेळी, प्रत्येकी 30 लिटर. विमोचकावर रब्बीचं साधारण 30 एकर धरलं तर 120 तास, पाच दिवस. तीन गट म्हणजे 15 दिवसांत चारी पूर्ण. मुखाशी 110 लिटर 15 दिवस म्हणजे आवर्तनाला सुमारे 5 दशलक्ष घनफूट, तेवढाच आमचा कोटा. हिशेब दुपारी दोन तासांत झाला. भांडणं दोन महिने चालली.

सगळ्यात मोठं भांडण सुरुवात कुठून यावर. शेजपाळी, म्हणजे ओळीनं पाळी, शेपटाकडून, असा मी हट्ट धरला. मुखाकडचे म्हणाले, पाणी आमच्या नाकासमोरून जाणार आणि आम्ही दहा दिवस बघत बसणार? हो, बसणार. पाण्याच्या हिशेबात कुठूनही सुरू केलं तरी चारी एकदाच भिजवायची असते, फार फरक नाही. फरक माणसांत पडतो. मुखाकडच्याला आधी दिलं की तो भिजून घरी जातो आणि खाली काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. उलट शेपटापासून सुरू केलं की कोटा मोजका असल्यामुळं खाली कुणी तासभर जास्त ओढला तर तो तास तात्यांच्या पाळीतून जाणार. झालं! पहिल्याच आवर्तनाला रात्री अकरा वाजता चारीवर बॅटरी हलताना दिसली. बघतो तर तात्या. हातात काठी, डोक्याला मफलर. "कोण मोरी उघडतंय का बघायला आलो होतो," म्हणाले. संस्थेला पगार देऊन असा राखणदार मिळाला नसता.

खरा फायदा मात्र तासांपेक्षा तारखांनी झाला. ऑक्टोबरात कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीला किती आवर्तनं आणि साधारण कधी हे ठरतं. तारखा दोन-चार दिवस पुढंमागं होतात, ते चालतं. पूर्वी आम्ही पेरायचो आधी आणि मग पाण्याची वाट बघायचो. आता पाण्याची तारीख धरून पेरतो. गव्हाला 21 व्या दिवशी मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पाणी चुकवायचं नाही. पुढं 42 च्या आसपास कांडी धरताना आणि 65 च्या आसपास फुलोऱ्यात. पाणी एकच असेल तर 40-42 ला द्यावं, दोन असतील तर 21 आणि 65 ला, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मग आवर्तन 1 डिसेंबरला आपल्या गटात पोचणार असेल तर पेरणी 10 नोव्हेंबरला. इतकं सरळ. शेपटाकडचा गट आधी भिजतो म्हणून आम्ही आधी पेरतो, मुखाकडचे दहा दिवसांनी. हरभऱ्याला दोनच पाणी, एक फुलायच्या आधी आणि एक घाटे भरताना. मधलं आवर्तन त्याच्या शेजारून गेलं तरी बघायचंसुद्धा नाही. पहिल्या साली हे जड गेलं. चारीत पाणी खळखळतंय, आपली पाळी फळ्यावर लिहिलेली आहे, आणि आपण "हरभऱ्याला नको" म्हणून सही करून ती कांद्यावाल्याला सोडतोय. हात थरथरला. त्या साली हरभरा एकरी नऊ क्विंटल झाला. उभळलेल्या साली दोन एकरांत मिळून तीन झाला होता.

रात्रपाळीचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. तो एका बाईनं काढला. सहाव्या विमोचकावर एकट्या राहतात, मुलगा पुण्यात कंपनीत. सभेत उठून म्हणाल्या, "दादा, फळा चांगला आहे. पण माझ्या नावापुढं रात्रीचे दोन लिहिलंत. शेजारी ऊस, उसात बिबट्या. मी जाऊ का तुम्ही येता?" सगळी सभा हसली आणि मग गप्प झाली, कारण मागच्याच महिन्यात शिवारात एक वासरू गेलं होतं. मग नियम केला: दर आवर्तनाला फळा बारा तासांनी पुढं सरकवायचा, म्हणजे ज्याला या वेळी रात्र त्याला पुढच्या वेळी दिवस. आणि एकट्या बाया आणि म्हातारी माणसं यांना रात्र नाहीच. त्यांच्या रात्री तरुण पोरांनी वाटून घ्यायच्या. पोरांनी कुरकुर केली, पण मोबाइलवर बघत बसायला त्यांना रात्रच लागते, असं तात्या म्हणाले.

ठिबकचं कुणीतरी विचारणारच, म्हणून लिहितो. ठिबक चांगलंच आहे, उसाला तर हवंच. पण ठिबकला रोज-दिवसाआड थोडं थोडं पाणी लागतं आणि चारी येते तीन आठवड्यांनी, एकदम. मध्ये साठवायला शेततळं किंवा विहीर पाहिजे. ज्याला ती नाही त्याला ठिबकचे पाइप म्हणजे वळचणीला टांगलेले साप. आणि दुसरं, जे बोललं की लोक रागावतात: आमच्याकडं दोघांनी ठिबकवर वाचलेल्या पाण्यात आणखी दोन-दोन एकर ऊस लावला. बचत कुणाची झाली? पुरंदरला नायगावात विलासराव साळुंख्यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजून द्यायचं, माणशी अर्ध्या एकराचं, आणि ऊस लावायचा नाही, असं ठरलं होतं. भूमिहीनालासुद्धा वाटा. आमच्या सभेत मी एकदा हे काढून बघितलं. पुढची पंधरा मिनिटं कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. चहा मात्र दिला.

या जानेवारीतली गोष्ट सांगतो. तिसरं आवर्तन चालू होतं आणि फळा सरकत सरकत माझ्या नावापुढं रात्रीचे 2:10 आले. दीड एकर कांदा, सहा तास. पात चांगली उभी होती, गाठ धरायची वेळ. दीड वाजताचा गजर लावला, थंडी मरणाची, म्हटलं पाच मिनिटं पडू. डोळा उघडला तर 3:30. चप्पल घालायचंही सुचलं नाही. पोटचारीवर पोचलो तर पाणी माझ्या वावरात नव्हतं. नियमाप्रमाणं वीस मिनिटं वाट बघून वरच्या खातेदाराला लावून दिलेलं, आणि मोरीवर शेकोटी करून तात्या बसलेले. त्यांची रात्र नव्हती, पण झोप येत नाही म्हणून येतात.

"तात्या, फोन करायचा होता."

"दोनदा केला. उचलला नाहीस."

फोन बघितला. केलेला होता.

"मग आता?"

"आता काय? गाडी गेली. तू 3:32 ला आलास, हा त्यांचा सारा भरेपर्यंत चारला तुला मिळेल आणि 8:10 ला बंद. म्हणजे 1 तास 50 मिनिटं तुझी गेली." त्यांनी घड्याळ शेकोटीच्या उजेडात धरून दाखवलं. "फळा तूच रंगवलायस ना?"

मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी तंबाखू पुढं केली, मी नको म्हटलं. चारला पाणी घेतलं, 8:10 ला मोरी बंद झाली. कोपऱ्यातला अर्धा एकर कांदा कोरडा राहिला आणि तो पुढच्या पाळीपर्यंत तसाच राहणार. घरी जाऊन रजिस्टर काढलं. आदल्या आवर्तनात एका पोराच्या नावापुढं "झोपला, पाळी चुकली" असं मी लाल पेनानं लिहिलं होतं. माझ्या नावापुढंही तेच लिहिलं. बायकोनं विचारलं, लाल पेन कशाला शोधताय सकाळी सकाळी?